बाजूच्या टेबलावरची मॅडम

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ज्यांना कळलं, त्यांना त्यांचं त्यांनाच कळलं, माझ्या तोंडून नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्हाला हे मराठीत सांगता येतंय म्हणून. मला मराठी येते — सगळं तिथूनच सुरू होतं.

मी अमरावतीची. राजापेठेत वाढले. खाली वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. घरात, शाळेत, गल्लीत सगळीकडे आपलं वऱ्हाडी, मले-तुले. बारावीनंतर हैदराबादला शिकायला गेले, तिथेच पीएचडी केली, तिथेच सुब्रमण्यमशी लग्न झालं. मंजूषाची मंजू झाले. मधे एकदा पुण्यात मुलाखतीला गेले होते. बोलता बोलता 'मले वाटते' निसटलं आणि समोर बसलेले एक गृहस्थ हसले. वाईट नव्हते हसले. पण त्या दिवसापासून मी ती भाषा गिळली. हे कारण म्हणून सांगत नाही. किती जणांना लोक हसतात, ते काही माझ्यासारखे होत नाहीत.

बंगळूरच्या लॅबमध्ये रुजू झाले तेव्हा माझ्या टेबलावर 'मंजू सुब्रमण्यम' अशी पाटी लागली. कुठली विचारलं की मी हैदराबाद सांगायचे. खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

आमचं काम क्वांटम कॉम्प्युटरचं. म्हणजे त्याच्या काळजाचं म्हणा — क्युबिट नावाचा नखापेक्षा लहान तुकडा असतो, तो अशा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो की जिथली थंडी अंतराळातसुद्धा नसते. तो फ्रिज थंड व्हायलाच दिवस जातात. एकदा बंद केला की आत हात घालता येत नाही. काही चुकलं असेल तर पुन्हा सगळं गरम करा, उघडा, परत सुरू करा. पंप सारखा चिकचिकत असतो. पहिले काही दिवस तो आवाज डोक्यात राहतो, मग ऐकूच येत नाही.

सुवर्णा आली ती माझ्यानंतर. अकोटची. तिला माझ्या शेजारचं टेबल मिळालं. आम्ही इंग्रजीतून हाय-हॅलो केलं, तिनं हेडफोन शोधला, सापडला नाही, आणि चिमट्यानं एक चिप धरलेली असल्यामुळे फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडून आवाज आला, "काय करून राहिली वं?"

माझे हात कीबोर्डवर थांबले. किती वर्षांनी ऐकत होते मी ते! आता मान वळवून सांगावं, अगं, मी अमरावतीची आहो... तेवढ्यात सुवर्णा म्हणाली, "काम करून राहिली आई. बाजूले एक मद्रासकडची मॅडम आहे. तोंड असं करून बसली, जसं कारलं खाल्लं."

"ऐकन ना ते!"

"तिले काय समजते? बोल तू."

मला हसू आलं. खरंच आलं. आणि मी ते दाबलं — तिला लाजल्यासारखं होईल म्हणून. आधी इतकंच होतं. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर काल गप्प का राहिलात, हा प्रश्न आला असता. आठवड्यानं सांगितलं असतं, तर? महिन्यानं? तुमचंही असं कधी झालं असेल — एखादी साधी गोष्ट वेळेवर सांगायची राहते, आणि मग तिचं खोटं होऊन बसतं.

रोज दुपारी तिच्या आईचा फोन यायचा. रोज स्पीकरवर. अकोटजवळ त्यांचं शेत — शेवंती, झेंडू, मधल्या जागेत वांगी, मेथी. वडील नव्हते. थोरला भाऊ गजानन शेत पाहायचा, फुलं अकोल्याला न्यायचा. आईला पोरीच्या कामाचं भारी कौतुक. "आज जमलं का ते?" असं विचारायची. सुवर्णा सांगायची, "नाई ना आई. थे विसरून जाते. आपण त्याले एक गोष्ट सांगतली, की धरून ठेवलीच पाह्यजे त्यानं. पण जरासा धक्का लागला, की गेलं विसरून." आई म्हणायची, "मंग धक्का काहून लागू देते?" आणि दोघी हसायच्या.

मी स्क्रीनकडे पाहत सगळं ऐकायचे. मला त्यांची सवय लागली. गजाननच्या लग्नाचं कुठं चाललंय, कोणत्या वाफ्यावर मावा पडला, आईच्या कमरेत कळ येते आणि ती गजाननपासून लपवते, सगळं मला ठाऊक. फोन यायला उशीर झाला तर मीच घड्याळ पाहायचे. माझ्या स्वतःच्या आईचा फोन आला, की मात्र जिन्यात जाऊन हळू आवाजात दोन शब्द बोलायचे. "काहून अशी बोलते? तब्येत बरी नाही का?" ती विचारायची. मी म्हणायचे, कामात आहे.

सुवर्णा माझ्यापेक्षा चांगली होती. हे सांगताना आता काही वाटत नाही, तेव्हा वाटायचं. महिनोन्‌महिने आमचे क्युबिट मधेच काहीतरी विसरत होते. मी नवी चिप, नवी मोजणी, नवं गणित असे सगळे उपाय करून पाहिले. तिनं तारेच्या एका साध्या सांध्यावर शंका घेतली. फ्रिज गरम केला, उघडला, तोच सांधा सैल निघाला. सर सगळ्यांसमोर तिच्याकडे पाहून नुसते हसले. सर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख; हसणं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं.

मग कायमच्या नोकरीची एक जागा निघाली. एकच. ती कोणाला मिळणार हे लॅबमधल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

त्याच दिवसांत एका दुपारी तिच्या आईचा फोन आला. कमरेचं ऑपरेशन ठरलं होतं. गजानन म्हणत होता, आता पुरे झालं, सुवर्णानं घरी यावं. अकोल्याचं एक स्थळ आलं आहे, मुलाचं मोटारपंपाचं दुकान आहे. सुवर्णा आधी चिडली. मग रडली. दमलेली होती हो पोरगी — फ्रिज पुन्हा बिघडला होता, जेवण नाही, झोप नाही. म्हणाली, "कधी कधी मले वाटते आई, सोडून द्याव हे सारं. येतो घरी. लावतो शेवंती." आमच्याकडच्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात.

आई म्हणाली, "वेडी झाली का? ऑपरेशनले चार दिवस ये, आन्‌ वापस जा. गजूचं मी पाह्यतो."

"हो," सुवर्णा म्हणाली. नाक पुसलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली. संपलं. एखादी मुलगी आईजवळ रडते तेवढंच ते होतं. हे मला समजत नव्हतं का? माझ्याइतकं ते लॅबमध्ये दुसऱ्या कोणाला समजणार होतं?

दोन दिवसांनी सरांनी मला एका अहवालासाठी बोलावलं. काम झालं. मी उठले. दारापर्यंत गेले. आणि परत वळले.

मी वळले. कोणी मला हाक मारली नव्हती.

मी सरांना म्हणाले की सुवर्णाची मला काळजी वाटते. ती सगळं सोडून घरी जाण्याच्या विचारात आहे. आईचं ऑपरेशन आहे, भावानं लग्न ठरवलं आहे, बहुतेक परत येणार नाही. चांगली मुलगी आहे, तिच्यावर दबाव नको, म्हणून तुम्हाला माहीत असावं.

सरांनी विचारलं, हे ती स्वतः म्हणाली का?

काय सांगणार होते मी? मी म्हणाले, "तिच्या घरून कळलं."

तुम्हीच सांगा, यात खोटं काय होतं? आवाज तिच्या घरूनच आला होता ना! मी ते वाक्य तेव्हा सुचलं तसं बोलले, पण आजवर माझ्या तोंडून इतकं नेमकं खोटं दुसरं कधी निघालेलं नाही.

जागा मला मिळाली. सुवर्णाचा करार पुढे वाढला नाही. सरांनी तिला बोलावून समजावलं — वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, तुमच्या घरून आम्हाला कळलं आहे, घराकडे आधी बघा, हे काम म्हणजे सगळं आयुष्य नव्हे.

ती टेबलाशी आली. बसली नाही. फोन लावला. या वेळी स्पीकर नव्हता.

"तू लॅबमधे फोन केला? कोणाले इचारून केला? काहून केला, गजू?" तिकडून तो काहीतरी बोलत होता, ती ऐकत नव्हती. "खोटं नको बोलू. त्यायनं सोता सांगतलं, घरून कळलं म्हणून. मायेले तर मी ओळखतो, ती नाही करणार. तूच केला." मग ती म्हणाली, "आजपासून मले भाऊ नाही."

मी बाजूच्या खुर्चीवर होते. हात लांब केला असता तर तिच्या बाहीला लागला असता. मी स्क्रीनवरचा एक आलेख मोठा केला. मग लहान केला. मग पुन्हा मोठा केला.

ती हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. क्युबिटशी संबंध सुटला. लॅबमधल्या मुलांकडून कानावर यायचं — घरी जात नाही, आईलाच तिकडे बोलावून घेते, भावाच्या लग्नालाही गेली नाही. दरवेळी वाटायचं, आता सांगावं. दरवेळी काहीतरी काम निघायचं. माझं नाव मोठं होत गेलं. लेखात, सभेत लोक ओळखू लागले. आणि दुपारची ती वेळ झाली की मी अजून कान टवकारायचे. शेजारच्या टेबलावर आता एक बंगाली मुलगा बसे. तो कोणाशी फोनवर बोलतच नसे.

गेल्या वर्षी अकोल्याच्या एका कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं. कार्डावर माहेरचं नाव, वर 'वऱ्हाडची लेक'. आता वऱ्हाडी असणं परवडत होतं मला, म्हणून मीही हो म्हटलं. राजापेठेतून आईचा निरोप घेऊन सकाळी निघाले. मुलांसमोर मनमोकळं आपल्या भाषेत बोलले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. क्युबिट कसा असतो, हे सांगताना म्हणाले, "थे विसरून जाते. जरासा धक्का लागला की गेलं." शब्दसुद्धा माझे नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर एक माणूस जवळ आला. पांढरा शर्ट, खांद्यावर झेंडूच्या पाकळ्या. मंचावरचे हार, गुच्छ त्यानंच पुरवले होते आणि मागं उभा राहून सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, माही बहीण बी असंच सांगे. विसरून जाते म्हणून. ती बंगलोरले होती — सुवर्णा. तुमच्याच लॅबमधे तर नाही?"

नाही म्हणता आलं असतं. पण तोंडून हो निघालं. त्याचा चेहरा असा उजळला, की मला खाली पाहावं लागलं. तो म्हणाला, घरी चला. माय लय खुश होईन. आयोजकांनी नको-नको केलं, त्यानं ऐकलं नाही, आणि मी — मी का गेले? सांगून टाकावं म्हणून गेले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. मला वाटतं, मला त्या आवाजाचा चेहरा पाहायचा होता.

अकोटच्या रस्त्यानं त्याची फुलांची गाडी खडखडत चालली होती. तो समोर पाहत बोलत राहिला.

"मॅडम, शेतातल्या मातीची शपथ घेऊन सांगतो, मी फोन नव्हता केला. लग्न कर म्हणत होतो, हे खरं. पण नोकरी घालवीन का मी तिची? गावात मीच सांगत फिरलो, का माही बहीण कॉम्प्युटरच्या बापावर काम करून राहिली म्हणून. तुमी मोठ्या झाल्या तिथं. सायबाले इचारून सांगता का, कोणाचा फोन होता थो?"

"विचारून पाहते," मी म्हणाले.

घर साधं, अंगण सारवलेलं, ओट्यावर शेवंतीच्या करंड्या. आई बाहेर आली. मी चेहरा कधी पाहिला नव्हता, पण "या बाई, या," म्हटल्याबरोबर मी तो आवाज ओळखला. कमरेत किंचित वाकलेली, डोळे एकदम तल्लख. सुवर्णाच्या लॅबमधली, म्हटल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. कुठल्या तुमी? राजापेठच्या? अरे बाप्पा! मग तर आपल्याच! तिनं खुर्ची नाकारली, माझ्याजवळ खालीच बसली. सून चहा घेऊन आली. आतल्या फळीवर ओटीचं ताट तयार करून ठेवलेलं मला दिसत होतं — नारळ, तांदूळ, खण.

आईची नजर माझ्या गळ्याकडे गेली.

"हे मंगळसूत्र आपल्याकडचं नाही दिसत."

"सासरचं आहे, मावशी. मिस्टर मद्रासकडचे."

बोलले आणि मला कळलं, मी काय बोलले.

ती हसतच होती. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र मागे कुठंतरी गेले. "तुमी कुठी बसत होत्या तिथं?" तिनं विचारलं. अगदी सहज.

मी कपात पाहिलं.

"गजू," ती मुलाला म्हणाली, "पाहुणीसाठी वांगे तोडून आण. कवळे पाह्यजो." तो आनंदानं उठून गेला. सून स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघीच.

"तुमाले सारं समजे?" ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. कितीतरी दुपारी त्या आवाजानं तिच्या नकळत माझी सोबत केली होती, आणि आता तो पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता. एक 'हो' म्हणायचं होतं. एवढंसं अक्षर. मावशी, गजाननने फोन नाही केला, मी केलं, इतकंच. ती वाट पाहत होती. खूप वेळ दिला तिनं मला.

मी चहा संपवला.

गजानन वांग्यांची पिशवी भरून घेऊन आला. सून ओटीचं ताट घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर पाट मांडायला वाकली.

"राहू दे थे," आई म्हणाली.

"काहून, माय? पहिल्यांदा आल्या ना त्या," गजानन म्हणाला.

"राहू दे म्हटलं ना." ती उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिची कंबर दुखते, असं म्हणत गजानन बिचारा माझी माफी मागत राहिला. गाडीत त्यानं वांगी ठेवली. अकोल्याला सोडताना त्यानं माझा नंबर घेतला, पुन्हा म्हणाला, "इचारसान मात्र, मॅडम."

मी अमरावतीला परत आले. आईनं वांगी पाहून विचारलं, कोणी दिली? ओळखीच्यांनी, मी म्हणाले.

त्यानंतर रोज वाटायचं, आज सुवर्णाचा फोन येईल. काय म्हणेल? पाठ करून ठेवली होती उत्तरं, तीही वऱ्हाडीतून. फोन वाजला की आधी नाव पाहायचे. आला नाही. आजपर्यंत आलेला नाही. मी केला का? नाही.

दिवाळीनंतर गजाननचा आला.

मागं भांड्यांचा, लहान मुलाचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज होता. तो जवळजवळ ओरडत होता. "मॅडम, सुवर्णा आली! चार दिवस राह्यली. मले ओवाळलं तिनं! माय हैदराबादले गेली होती तिच्याकडे, दोघीत काय बोलणं झालं देव जाणे, दोघी बी सांगत नाहीत. पण आली अन्‌ माह्या गळ्यात पडून रडली. म्हणे, माहं चुकलं गजू."  मग म्हणाला, "मले माहीत आहे मॅडम, हे तुमीच केलं. सायबाले इचारलं असन तुमी, मायले सांगतलं असन. तुमी बोलून दाखवणाऱ्यातल्या नाही. पण तुमचे उपकार मी या जन्मी नाही विसरत."

मागच्या आवाजांत एक आवाज मला ओळखीचा वाटला. दोन ओळखीचे वाटले. मग ते एकदम थांबले. तो कोणाशी बोलतो आहे, हे तिकडे कळलं असावं.

सांगायला तेवढी एक वेळ पुरेशी होती. तिथं सगळे होते. सगळ्यांना माहीत होतं, त्याच्याशिवाय.

मी म्हणाले, "बरं झालं, गजाननभाऊ. मला खूप आनंद झाला."

तो पुन्हा धन्यवाद म्हणाला. मी ते घेतले, आणि फोन ठेवला.